हजेरीचे उखाणे

श्रीमंत मुकादमानं गोजरबाईचं नाव मस्टरावरून कापलं, त्याचं कारण वाळ्याचा पडदा. काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्याची खडी फोडायचं दुष्काळी काम वाडीबाहेरच्या माळावर चालू होतं. बासष्ट बाया सकाळपासून दिवस कलेपर्यंत हातोडे हाणायच्या. पाण्याची बैलगाडी दुपार टळल्यावर यायची, एक पिंप घेऊन. त्यातलं पहिलं पाणी मुकादमाच्या राहुटीत जायचं, कारण राहुटीच्या दाराला त्यानं वाळ्याचा पडदा लावला होता आणि तो ओला राहिला नाही तर मुकादमाला घाम यायचा. माळावर एक झाड नव्हतं. बायांची तान्ही पोरं खडीच्या ढिगाच्या सावलीला निजवलेली असायची, आणि सावली तरी केवढी, तर उशाएवढी.

एके दिवशी गोजरबाई उठली, सरळ राहुटीत शिरली, पडद्यावर मारायला भरून ठेवलेली कळशी उचलली आणि बाहेर येऊन पोरांना ओंजळी-ओंजळीनं पाजली. उरलेलं पाणी पिंपात ओतलं, कळशी पालथी घातली आणि मुकादमाला म्हणाली, "पडदा तहानेनं मेला तर मला सांगावा धाडा. मातीला येईन मी."

बाया हसल्या. मुकादम हसला नाही. त्यानं मस्टर उघडलं, तांबडी पेन्सिल ओली केली आणि तिच्या नावावर आडवी रेघ मारली.

गोजरबाई पन्नाशीची, किडकिडीत, जिभेला तिखट. नवरा पुंजाराम अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला. मुलगा मच्छिंद्र दुष्काळ पडल्यावर बेलापूरकडे कॅनॉलच्या पट्ट्यात कुणाच्या तरी उसाला पाणी धरायला गेला होता. घरी राहिली ती, सून पुष्पावती आणि सहा महिन्यांचा नातू. दोघींच्या हातांवर तिघं जगत होती. आता एकीचे हात बंद झाले. असंच राहिलं तर चूल बंद करून, लेकरू काखेला मारून, दोघींनाही कॅनॉलकडची वाट धरावी लागणार होती आणि घराला कुलूप. गोजरबाईला तेच नको होतं. तिनं सासऱ्याचं घर सोडून एक रात्र बाहेर काढली नव्हती आणि एका पडद्यापायी ती सोडणारही नव्हती.

तिची जिवाची मैत्रीण छबूबाई म्हणजे अंगानं आडवी आणि रागानं उभी. ती म्हणाली, "उद्यापासून संप. एकीनंबी हातोडा उचलायचा न्हाई."

"गप बस," गोजरबाई म्हणाली. "पलीकडच्या तलावावर काय झालं? बायांनी काम बंद केलं आन् दुसऱ्या दिवशी समद्यांची नावं कापली. त्येला तेच पायजे. तांबडी पेन्सिल टोक काढून ठेवलीया त्येनं."

"मग काय करायचं? त्येची आरती करायची?"

"बघू की."

नाव कापलं तरी गोजरबाई माळावर यायची थांबली नाही. ती पोरं सांभाळायची. पोरं सांभाळणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्यामुळे ते कापायची सोय मुकादमाकडे नव्हती. ती ढिगाशेजारी बसायची, पाच-सहा पोरांवर पदर धरायची आणि कान उघडे ठेवायची.

त्या कानांवर गुरुवारी एक बातमी पडली. मुकादम राहुटीपुढं उभा राहून ओरडून सांगत होता, "सोमवारी डिप्टी साहेब येणार हायेत पाहनीला. कुटंतरी मस्टरावर खोटी नावं घावली, म्हनून आता नवा हुकूम आलाय. हरेक बाईनं आपलं समदं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आपल्या तोंडानं सांगायचं आन् मग अंगठा द्यायचा. आन् हजेरी पुरी झाल्याबिगर कुनी हातोड्याला हात लावायचा न्हाई, ह्यो माझा नियम तुमाला ठावा हायेच."

हा नियम खरंच त्याचा होता. उशिरा येणारीची हजेरी बुडवता यावी म्हणून त्यानं तो काढला होता.

इथं एक सांगायला हवं. वाडीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. 'आमचे हे', 'पोरांचे वडील', 'घरधनी', काय वाटेल ते म्हणेल, पण नाव नाही. आजवर मुकादम विचारायचा, "कुणाची गं?" आणि बाई मान खाली घालायची. मग रांगेतली मागची बाई सांगायची, "भिमाजीची." असं मागचीनं पुढचीचं सांगत सांगत मस्टर भरलं होतं. जिला स्वतःच घ्यायचं असेल तिला एकच वाट मोकळी होती, उखाण्याची. आणि उखाणा म्हणजे काय, कोतवालाची दवंडी नव्हे. त्याला आधी आग्रह लागतो, लाजणं लागतं, "इश्श, मला न्हाई येत" हे तीनदा म्हणावं लागतं, आणि घेऊन झाल्यावर "ऐकू न्हाई आलं, पुन्यांदा घे" असा गलका झाला की पुन्हा घ्यावा लागतो.

गोजरबाईनं नातवाला मांडीवर थोपटता थोपटता मुकादमाचं सगळं बोलणं ऐकलं आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की छबूबाईला तिकडून हातोडा टाकून यावं लागलं.

"काय गं? काय झालं?"

"काय न्हाई. तुजा मुकादम लई गुनाचा हाय. आपल्या पायानं चालत आला बघ खड्ड्याकडं."

शनिवारी काष्टीचा बाजार. त्या दिवशी कामाला सुट्टी. बासष्टांपैकी निम्म्याहून जास्त बाया तीन कोस चालत बाजाराला निघाल्या. घ्यायला पैसा नव्हता, पण बाजार चुकवायची सवयही नव्हती. त्या तीन कोसांत शाळा भरली. मास्तरीण गोजरबाई.

उखाणे जुळवण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. लग्न असो, बारसं असो, नव्या नवरीला उखाणा हवा असला की तिला गोजरबाईकडे धाडायचे. ती भाकरी थापता थापता जुळवून द्यायची. फक्त जिथं तो उखाणा घेतला जायचा तिथं ती नसायची. ती मागच्या दारी भांडी घासत बसायची, कारण हळदी-कुंकवात विधवेचं काम काय? अकरा वर्षं ती आपलेच शब्द भिंतीपलीकडून ऐकत होती. त्याचं तिला वाईट वाटायचं, लई वाटायचं, पण ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

वाटेत तिनं प्रत्येकीला तिच्या नवऱ्याच्या नावाला बसेल असा उखाणा दिला आणि घोकून घेतला. घरी राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी आडावर दिला. शेवटी सगळ्यांना बजावलं, "ध्यानात ठिवा. सोमवारी कुनालाच शेजारनीच्या नवऱ्याचं नाव आठवत न्हाई. इचारलं तर म्हनायचं, परक्या पुरुषाचं नाव मला काय ठावं?"

"माज्या चुलत्याचा ल्योक हाय की गं तिचा नवरा," लंकाबाई म्हणाली.

"तरी न्हाई आठवत."

सोमवारी सकाळी मुकादम नवं धोतर नेसून आला. राहुटीपुढं टेबल मांडलं, मस्टर उघडलं, अंगठ्याचा शाईचा डबा ठेवला. रांगेवर नजर फिरवली आणि सगळ्यात आधी त्यानं पुष्पावतीला पुढं बोलावलं. त्याचा हिशोब सरळ होता. पोर अजून विशीतली, त्यात गोजरबाईची सून; तिच्यापासून सुरू केलं की बाकीच्या मुकाट येतील.

"हां, सांग. पुष्पावती कुनाची?"

पुष्पावतीनं मान खाली घातली ती अशी की हनुवटी छातीला टेकली. खरंच लाजली ती. सासू दहा हातांवर बसलेली, आणि सासूपुढं तिनं नवऱ्याकडं कधी धड पाहिलंही नव्हतं, नाव तर लांबच.

"अगं बोल की! मागची, तू सांग, कुनाची ही?"

मागं लंकाबाई होती. ती म्हणाली, "आता बया, परक्या पुरुषाचं नाव मला काय ठावं?"

"काल परवापर्यंत ठावं हुतं की!"

"आन् आता तुमीच म्हनला न्हवं, जिचं तिनं सांगायचं? सरकारी हुकूम हाय. आमी कशाला मोडू?"

मुकादमानं घाम पुसला. पुष्पावती तशीच उभी. मग मागून छबूबाईनं सूर लावला, "घे गं पोरी, नाव घे! लाजती कशाला, नाव घे!" आणि साठ बायांनी एका आवाजात धरलं, "नाव घे, नाव घे!"

"इश्श, मला न्हाई येत," पुष्पावती म्हणाली. तीनदा म्हणाली. चौथ्यांदा तिनं पदराचं टोक दातात धरलं, सोडलं आणि बारीक आवाजात बोलली,

"माळावर न्हाई झाड, झोळी बांधू कुटं?
मच्छिंद्ररावांच्या बाळाला ऊन लागतंय मोठं."

"ऐकू न्हाई आलं!" साठ बाया ओरडल्या. "पुन्यांदा!"

"मला आलं ऐकू!" मुकादम ओरडला. "मच्छिंद्र! लिवलं!"

"तुमाला आलं, आमाला न्हाई आलं. पोरगी एवढा धीर करून बोलली, आन् आमी ऐकायचंबी न्हाई व्हय?"

पुष्पावतीनं पुन्हा घेतलं. या खेपेला जरा मोठ्यानं. तिकडं गोजरबाईनं नातवाचं नाक पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं, कारण सुनेचा तिला फार अभिमान वाटला आणि तो सुनेला दिसू द्यायची तिची रीत नव्हती.

एक झाली. एकसष्ट राहिल्या नव्हत्या म्हणा, साठ राहिल्या, कारण गोजरबाई मोजणीत नव्हतीच.

मग हजेरी अशी रंगली की मुकादमाच्या लग्नातही एवढी मजा आली नसेल. लंकाबाईनं आधी नथ नसलेलं नाक मुरडलं आणि मग घेतलं,

"वाळ्याच्या पडद्याला पानी मारलं तीनदा,
कानिफनाथांच्या लंकेला घोट न्हाई एकदा."

सत्तरीच्या राहीबाईनं गोजरबाईनं दिलेला उखाणा ऐनवेळी विसरल्यामुळं आपल्या तरुणपणीचा एक घेतला. तो असा होता की मुकादम कानापर्यंत लाल झाला, टाक शाईत बुडवायचा तो अंगठ्याच्या डब्यात बुडवला, आणि पुढच्या तिघींना हसू आवरेपर्यंत थांबावं लागलं. तो उखाणा इथं लिहिण्यासारखा नाही. वाडीत अजून पाठ आहे.

मुकादमानं उपाय करून पाहिले. त्यानं दटावलं, बाया म्हणाल्या, "आमी कुटं न्हाई म्हन्तो? सांगतोयच की." त्यानं जुन्या मस्टरावरून नावं उतरवायला घेतली, छबूबाई टेबलावर वाकून म्हणाली, "साहेबाला आमी सांगू बरं, आमच्या तोंडून नाव निघायच्या आधीच तुमी लिवून ठिवलं म्हून. खोटी नावं लिवायची ती अशीच लिवत्यात न्हवं?" त्यानं टाक खाली ठेवला. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं, ज्यांची झाली त्या तरी खडी फोडायला लागा!"

"हजेरी पुरी झाल्याबिगर हातोड्याला हात लावायचा न्हाई," मागून गोजरबाईचा आवाज आला. "ह्यो नियम आमाला ठावा हाय."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा अठ्ठावीस बाया झाल्या होत्या, एक दगड फुटला नव्हता, आणि धुरळा उडवत साहेबांची जीप आली.

डिप्टी साहेब उतारवयाचे, जाड भिंगांचे, उन्हानं हैराण झालेले होते. त्यांनी अखंड दगडांकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं. मुकादम धावला. "संप केलाय साहेब! संप! समद्यांची नावं कापा!"

"संप?" छबूबाईनं गालावर हात मारला. "साहेब, पाटंपासून उभं हावो, हजेरी देतोय. तुमचाच हुकूम न्हवं, आपल्या तोंडानं नाव सांगा म्हून? बाईमानसानं नाव कसं सांगायचं, उखान्यातच की. तुमच्या मालकिनीनं न्हाई का घेतलं कवा तुमचं?"

साहेबांना बहुधा काहीतरी आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बसायला काही नव्हतं म्हणून ते पाण्याच्या पिंपावर टेकले, आणि पिंप टण्ण करून वाजलं. मग त्यांनी पाणी मागितलं. मुकादमानं लगबगीनं राहुटीतून तांब्या आणला. वाळ्यापाठचं पाणी, थंडगार. साहेबांनी तांब्या तोंडाकडं नेला आणि म्हणाले, "चालू द्या. पुढची कोण?"

पुढची छबूबाई होती. तिनं कमरेवर हात ठेवले. लाजायचं नाटक तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं ते केलंच नाही.

"काष्टीच्या बाजारात घेतली गाडगी चार,
तीन राहिली कोरडी, एकात पान्याची धार;
अर्धी गेली पडद्याला, अर्धी मुकादमाच्या च्याला,
भिमाजीराव इचारत्यात, काय पाजू लेकराला?"

कुणीही 'पुन्यांदा' म्हणालं नाही. साहेबांचा तांब्या अधांतरी राहिला. त्यांनी त्यात डोकावून पाहिलं. मग बसल्या पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तो आवाज नीट ऐकला.

"गाडी किती वाजता येते पाण्याची?"

"दुपार टळल्यावर," मुकादम पुटपुटला.

"मग हा भरलेला तांब्या कुठून आला?"

मुकादमानं वाळ्याच्या पडद्याकडं पाहिलं. साहेबांनी तांब्या जवळच्या एका पोराच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरून त्यानं असा तोंडाला लावला की अर्धं पाणी पोटावर सांडलं. साहेब उरलेले उखाणे बसून ऐकत राहिले. त्यांनी घाई केली नाही, पण बायांनीच आता लाजणं आवरतं घेतलं, कारण ज्या कानांसाठी उखाणे जुळवले होते ते कान समोर होते. पाणी, सावली, फुटलेली बोटं, बाळंतिणीचं ऊन, तीस-बत्तीस उखाण्यांत सगळा माळ त्यांच्यापुढं मांडून झाला. त्यातली एकही बाई तक्रार करत नव्हती. जी ती फक्त आपल्या नवऱ्याचं नाव सांगत होती.

दिवस कलायला लागला तेव्हा साहेब उठले. "उद्यापासून सकाळी आठला पाण्याची गाडी. दोन पिंपं. आणि मुकादम, ही राहुटी सोडा आणि पोरांवर बांधा. पडद्यासकट." मग मस्टरावर नजर टाकून त्यांनी विचारलं, "झाल्या सगळ्या?"

"एक राहिली," बाया एकदम म्हणाल्या.

साहेबांनी तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही का कापली?"

मुकादमाचं सगळं गेलं होतं. पडदा गेला, राहुटी गेली, दिवस गेला. तरी त्याच्याकडं एक दगड उरला होता आणि तो त्यानं जपून मारला. "कामावर भांडली साहेब. पर तुमी म्हनत असाल तर लिवतो की परत. फक्त हुकुमापरमानं तिनंबी आपल्या तोंडानं सांगावं. जसं समद्यांनी सांगितलं तसं. उखान्यात."

अंगठ्याची शाई पुसणारे बायांचे हात जागच्या जागी थांबले. साहेबांना कळेना काय झालं ते. बायांना कळलं. विधवेनं उखाणा घ्यायचा, तोही चारचौघांत, असं वाडीत कधी झालं नव्हतं. छबूबाईला ते सोसलं नाही, ती पुढं झाली. "मी सांगते! मला आठवलं! पुंजारामची, पुंजारामची गोजरबाई! लिवा!"

"जिचं तिनं सांगायचं," मुकादम शांतपणे म्हणाला. "सरकारी हुकूम हाय. तुमी कशाला मोडता?"

गोजरबाई पोरांमधून उठली. नातू सुनेकडं दिला. तिनं साठ-एकसष्ट बायांना उखाणे दिले होते, आणि स्वतःसाठी एक जुळवायचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. कसं येणार? अकरा वर्षांत तिला कुणी नाव घे म्हणालं नव्हतं. टेबलापर्यंतची सात-आठ पावलं ती शब्द जुळवत चालली.

"बाई, नुसतं नाव सांगितलंत तरी चालेल," साहेब हळूच म्हणाले.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "समद्यांनी घेतलं तसं घेते."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मुकादमाकडं पाहिलं. आणि तिला रोजचं ते हसू आलं, कळशी पालथी घातली तेव्हाचं.

"कुंकू पुसलं लोकांनी, नाव कुनी पुसावं?
पुंजारामरावांची गोजर हाय मी, मस्टरात दिसावं."

साहेबांनी मुकादमाच्या हातून टाक घेतला आणि तांबड्या रेघेच्या वर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. गोजरबाईनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

पलीकडं पाण्याची गाडी येऊन उभी राहिली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाजही थांबला होता, तरी पाण्याकडं कुणी वळेना. छबूबाईचं तोंड रडवेलं झालं होतं. तिनं पदरानं नाक पुसलं, घसा साफ केला आणि ओरडली,

"ऐकू न्हाई आलं गं! पुन्यांदा घे!"

"पुन्यांदा! पुन्यांदा घे!" सगळ्या बाया ओरडल्या. पुष्पावती सगळ्यांत मोठ्यानं.

हजेरी पुरी झाली होती. वेळ काढायची आता काहीच गरज नव्हती. गोजरबाई वळली, बायांकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिनं पुन्हा घेतलं.